जाणत्या वयाचे दत्तक

दत्तक देण्याघेण्याच्या कामात पाच वर्षांपुढचे मूल ‘मोठे’ समजले जाते. अशा मुलाला स्वतःचे नाव असते आणि त्या नावाने हाक मारणारे कोणीतरी त्याला आठवत असते. कोणती भाजी नको, झोपताना दिवा हवा की नको, कोणाच्या शेजारी निजायचे, हे सारे त्याचे ठरून गेलेले असते. तान्हे बाळ नव्या घरात वाढता वाढता त्या घराचे होते. मोठ्या मुलाला मात्र एक घर मनात असताना दुसरे स्वीकारायचे असते. नवे आईबाप परदेशातले असले तर भाषा, अन्न, हवा, माणसांचा रंग आणि देवघर हे सगळे एकदमच बदलते. भारतातली बहुसंख्य जोडपी दोन वर्षांखालचे मूल मागतात. त्यामुळे मोठी मुले, एकत्र राहू पाहणारी भावंडे आणि विशेष गरजा असलेली मुले परदेशी पालकांकडे अधिक प्रमाणात जातात.

मराठी मुलखाला जाणत्या वयाचे दत्तक नवे नाही. जुन्या मुंबई इलाख्यात लागू असलेल्या हिंदू कायद्याप्रमाणे तर लग्न होऊन मुलेबाळे झालेला पुरुषही दत्तक जाऊ शकत असे. पंधरा वर्षांची मर्यादा १९५६ च्या कायद्याने आली, आणि तीही रूढीला अपवाद ठेवून. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या जमनाबाईंच्या ओटीत गेला आणि सयाजीराव झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या आनंदीबाईंना दत्तक जाऊन शाहू झाला, तोही दहाच्या घरातला. ही दत्तके गादीसाठी होती, मायेसाठी नव्हती. तरी त्यांत एक गोष्ट सहज होती, ती म्हणजे मुलाला दोन्ही घरे माहीत असत. सयाजीरावांचे भाऊ पुढे बडोद्यातच वाढले. शाहूंचे जन्मदाते वडील जयसिंगराव तर दत्तकविधानाच्या वेळी कोल्हापूरच्या कारभारात होते. नाव, गोत्र आणि वारसा बदलला तरी कोणी मुलाला आधीचे सारे विसरायला सांगत नसे. विसाव्या शतकातले अनाथालयातून होणारे दत्तक नेमके याच ठिकाणी वेगळे पडले. तिथे मागचे दार बंद करणे हाच पुष्कळ दिवस शहाणपणा मानला गेला.

या बंद दाराची जगभर गाजलेली कथा मध्य प्रदेशातल्या निमाडात घडली.   खंडवा हे तिथले मोठे जंक्शन. मुंबईकडची ब्रॉडगेज बऱ्हाणपूरवरून तिथे पोचते, आणि अकोल्याकडची जुनी मीटरगेज मेळघाटातून धूळघाट, तुकईथड करत तिथेच यायची. या पट्ट्यातल्या गरीब मुलांसाठी रेल्वे हेच खेळण्याचे मैदान आणि कमाईचे ठिकाण होते. खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीत राहणारा शेरू आणि त्याचा मोठा भाऊ गुड्डू हे अशांपैकीच. वडील घर सोडून गेलेले आणि आई बांधकामावर मजुरीला जाणारी.

१९८६ मध्ये पाचएक वर्षांचा शेरू गुड्डूबरोबर सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या बऱ्हाणपूरला आला. थकून तो फलाटावरच्या बाकावर झोपला. भाऊ थोड्या वेळात येतो म्हणून गेला तो परतला नाही. त्याच सुमारास रुळांवर त्याचा मृत्यू झाला होता. जाग आल्यावर भावाला शोधत शेरू समोरच्या रिकाम्या डब्यात शिरला आणि गाडी त्याला थेट हावड्याला घेऊन गेली. कोलकात्याच्या रस्त्यांवर काही आठवडे, मग पोलीस ठाणे, मग लिलुआचे बालगृह आणि शेवटी सरोज सूद यांच्या दत्तक संस्थेचे ‘नवजीवन’ घर, असा त्याचा प्रवास झाला. गावाचे नाव तो सांगत होता, पण पाच वर्षांच्या तोंडात ‘गणेश तलाई’चे काहीतरी भलतेच झाले होते आणि ‘बऱ्हाणपूर’चे ‘बरमपूर’. बंगालमधल्या अधिकाऱ्यांना त्यावरून निमाड सापडणे शक्य नव्हते. तुकईथडसारख्या आडगावचे मूल असते तर नकाशावर बोट ठेवणेही अवघड गेले असते. दोनेक महिन्यांच्या निष्फळ शोधानंतर तो दत्तक देण्यास मोकळा ठरला. आजच्या कायद्यात दोन वर्षांवरच्या सापडलेल्या मुलासाठी ही मुदत चार महिन्यांची आहे.

त्याला ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरातल्या स्यू आणि जॉन ब्रायर्ली यांनी दत्तक घेतले. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते भारतात आलेच नाहीत. मूल सोबतीबरोबर विमानाने पाठवले गेले. त्यांनी आधी एक छायाचित्रांचा अल्बम पाठवला होता. त्यात ते दोघे, त्यांचे घर, गाडी, मुलाची खोली असे सारे होते. संस्थेतल्या बायका त्याच्याजवळ बसून एकेक पान दाखवत, हे तुझे घर, ही तुझी आई, असे सांगत. सप्टेंबर १९८७ मध्ये मेलबर्नच्या विमानतळावर सारू (शेरूचे नाव कागदोपत्री असे झाले होते) त्यांना भेटला तेव्हा कोणाचीच भाषा कोणाला येत नव्हती. पण चेहरे ओळखीचे होते. परदेशात जाणाऱ्या मोठ्या मुलासाठी पुढे जी पूर्वतयारी सर्वत्र रूढ झाली तिचा हा एक साधा नमुना म्हणता येईल.

होबार्टच्या घरात त्याच्या खोलीच्या भिंतीवर स्यूने भारताचा नकाशा लावला होता. सुरुवातीच्या दिवसांत ती फ्रिजमध्ये गोमांस ठेवताना दिसली, तेव्हा तो गाय, गाय म्हणून रडत धावला. परदेशी स्वयंपाकघरात भारतातले मूल आपल्याबरोबर काय घेऊन येते याचा याहून ठळक दाखला मिळणे कठीण. सारू फार लवकर रुळला, इंग्रजी बोलू लागला, पोहायला शिकला. साधारण वर्षभराने त्याच्याकडे पुरेसे शब्द आले तेव्हा तो सांगू लागला की त्याला आई आहे, भाऊ आहेत, बहीण आहे. आणि तो अनाथ नाही. स्यूने ते ऐकून घेतले, वहीत लिहून काढले, आणि दोघांनी मिळून त्याच्या वस्तीचा कच्चा नकाशाही काढला. स्टेशन, पूल, नदी, घराकडे जाणारी वाट असे जे त्याला आठवले ते त्यात आले.

या वहीचे महत्त्व कमी लेखता येत नाही. आपण अनाथ मूल आणले असे ज्या बाईला वाटत होते तिला वर्षभराने कळते की त्या मुलाची आई जिवंत असावी. कित्येक पालक अशा वेळी विषय बदलतात; मुलाने जुने काढले की आपली माया कमी पडली असे त्यांना वाटते. वास्तवात मूल जुनी गोष्ट त्यालाच सांगते ज्याच्यावर त्याचा भरवसा बसू लागलेला असतो. म्हणून मागच्या घराच्या आठवणी निघणे ही नव्या घरात लळा लागत असल्याची खूण मानायला हरकत नाही. मोठ्या मुलांच्या दत्तकाविषयी सांगण्यासारखे जे काही आहे त्यात ही बाब सर्वांत जास्त उलटी समजली जाते.

ब्रायर्लींनी पुढे कोलकात्याच्याच संस्थेतून मंतोष नावाचा दुसरा मुलगा घेतला. तो आणखी मोठा होता. त्याची कायदेशीर प्रक्रिया रखडली आणि त्या काळात त्याला बालगृहात फार सोसावे लागले. आईबाप तेच, घर तेच, माया तीच. पण त्याचे रुळणे सारूसारखे सरळ झाले नाही. सारूच्या ‘अ लाँग वे होम’ या २०१३ मधल्या आत्मकथनात हे आडपडदा न ठेवता आले आहे. त्यावरचा ‘लायन’ हा २०१६ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला. त्यात मुंबईच्या सनी पवारने लहान सारू केला. पण प्रेक्षकांच्या मनात राहिली ती हरवण्या-सापडण्याची गोष्ट. दुसऱ्या मुलाची गोष्ट तितकीच महत्त्वाची असून मागे पडली.

दोन मुलांत असा फरक का पडतो, यावर अभ्यास झाला आहे. रोमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळल्यावर तिथल्या भयाण अनाथालयांतली मुले पश्चिमेकडे दत्तक गेली. इंग्लंडमध्ये मायकेल रटर यांच्या गटाने अशा १६५ मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत अनाथालयातून बाहेर पडलेली मुले बहुतांशी सावरली. त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्यांपैकी पुष्कळांत काही अडचणी टिकून राहिल्या. बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना यांनी १३६ मुलांवर केलेल्या अभ्यासातही, जी मुले लवकर घरात गेली त्यांना अधिक फायदा झाल्याचे दिसले. मात्र या निष्कर्षांतून मोठे मूल म्हणजे बिघडलेले मूल, असा अर्थ काढणे चूक आहे. शेरू पाच वर्षांचा होईपर्यंत उपाशी राहिला असेल, पण आईच्या कुशीत वाढला होता आणि भावाच्या खांद्यावर बसला होता. एकदा कोणावर तरी विसंबायला शिकलेले मूल दुसऱ्यांदा विसंबू शकते. त्यामुळे दत्तक घेताना मुलाचे वय जितके पाहावे, तितकेच त्या वयात त्याला कोणाचा तरी हात मिळाला होता का, हेही पाहायला हवे. ही माहिती कागदावर क्वचित असते. संस्थेतल्या मावशीला मात्र ती बहुधा ठाऊक असते.

ब्रायर्लींच्या काळची रीत बदलली असून आता परदेशी पालकांना मुलाला न्यायला स्वतः भारतात यावे लागते. आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार १९९३ चा. भारताने तो २००३ मध्ये मान्य केला. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले होते. परदेशात द्यायचे मूल शक्यतो तीन वर्षांच्या आत द्यावे, आणि सात वर्षांपुढचे असेल तर शक्य तिथे त्याची इच्छा विचारावी, असे त्यात होते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेशानंतर पासपोर्ट, करारानुसारचा दाखला आणि व्हिसा यांत काही दिवस ते काही आठवडे जातात. पुण्याच्या भारतीय समाज सेवा केंद्रासारख्या किंवा सोफोशच्या श्रीवत्ससारख्या संस्थांतून मूल घेणारे परदेशी जोडपे हा काळ शहरातल्या एखाद्या हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात काढते. आईबाप परक्या देशात असतात आणि मूल परक्या माणसांत. बंध जुळायला लागतो तो इथेच, विमानात बसण्याच्या कितीतरी आधी.

या दिवसांत बोलण्यापेक्षा अंगाने बरेच काही होते. कोण वाढते, कोण आंघोळ घालते, रात्री घाबरून उठल्यावर कोण येते, याची नोंद मूल ठेवत असते. म्हणून जाणकार सांगतात की खाऊपिऊ घालणे आईबापांनीच करावे, हॉटेलातल्या वेटरने किंवा हौशी नातेवाइकाने नव्हे. शहर दाखवायला नेण्याची घाई करू नये. वरणभात, पोळी, केळे असे ओळखीचे अन्न मिळत राहील असे पाहावे. मुलाचे जुने कपडे, तुटकी चप्पल, संस्थेत मिळालेली बाहुली टाकून नव्या वस्तूंचा ढीग लावला की देणाऱ्याला आनंद होतो, मुलाला मात्र आपले होते-नव्हते तेही गेले असे वाटते. पोळीचा तुकडा उशीखाली सापडला तर रागावण्यात अर्थ नसतो. अन्न उद्याही मिळेल हे त्याला रोजच्या अनुभवातूनच कळावे लागते, समजावून कळत नाही. बिछान्यावरून उतरून जमिनीवर निजणारी मुलेही पुष्कळ. त्यांच्या शेजारी चटई टाकून आडवे होणे सर्वांत सोपे.

पहिल्या दिवसांत मूल पाहुण्यासारखे वागते. दिले ते खाते, सांगितले ते करते, येणाऱ्याजाणाऱ्या कोणाच्याही मांडीवर जाऊन बसते. भाबड्या पालकांना वाटते, किती लवकर लळा लागला! पण सर्वांना सारखेच बिलगणे म्हणजे कोणालाच न बिलगणे असू शकते. रोमानियाच्या मुलांत ही खोड फार चिवट ठरली होती. पाहुणपण संपले की परीक्षा सुरू होते. वस्तू फेकणे, चावणे, अंथरूण ओले करणे, मुद्दाम नको ते करून चेहऱ्याकडे पाहणे, असे काय काय होते. यात आईच्या वाट्याला बहुधा जास्त येते. आधीची आई गेली याचा राग मुलाला काढायचा असतो, आणि समोर आई या नावाची तीच एक असते. बापाशी ते मूल त्याच वेळी गोडीगुलाबीने वागते, त्याने नवराबायकोतही ताण येतो. परक्या शहरात, नातेवाईक जवळ नसताना, मोडक्यातोडक्या हिंदीत हे निभावणे सोपे नाही. या टप्प्यावर घाबरलेल्या पालकांना, मुलाला आता राहायचे आहे म्हणून ते तपासून पाहते आहे, एवढे सांगणारा माणूस हाताशी असला तरी पुष्कळ होते.

अनिवासी मराठी जोडप्यांची अडचण थोडी निराळी. नियमांनी त्यांना भारतातल्या पालकांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, आणि आपण तर याच मातीतले, या भरवशावर ते येतात. पण मेळघाटालगतच्या कोरकू वस्तीतले मूल घरी कोरकू बोलते, बाजारात मराठी किंवा निमाडी ऐकते आणि शाळेत हिंदी शिकते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीची दूरची नातलगही नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घराने पुरणपोळी वाढली म्हणून त्या मुलाला माहेरपण वाटेल असे नाही. उलट परकेपणा मान्य करून आलेला परदेशी पालक कधी कधी जास्त सावध असतो. मराठी आजीचे तोंडभरून बोलणे आणि मांडीवर थोपटणे हा मात्र अशा घराचा खरा फायदा आहे. तो सल्लामसलतीच्या पुस्तिकांत सापडत नाही.

भाषेबाबत आणखी एक गोष्ट. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ पालिए यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून दत्तक गेलेल्या आठ प्रौढांना कोरियन वाक्ये ऐकवली. त्यांना ती ओळखता आली नाहीत, आणि मेंदूच्या चित्रणातही वेगळी हालचाल दिसली नाही. २०१४ मध्ये कॅनडात, चीनमधून फार लहानपणी गेलेल्या मुलींवर झालेल्या अभ्यासात मात्र चिनी सूर ऐकताना मेंदू जुन्या ओळखीने वागत असल्याचे दिसले, जरी त्यांना अर्थ कळत नव्हता. सारूची हिंदीही पुसली गेली. गूगल अर्थवर रात्र रात्र रूळ धुंडाळून २०११ मध्ये त्याने बऱ्हाणपूर स्टेशनची पाण्याची टाकी आणि पूल ओळखला. तिथून रुळांच्या वाटेने तो नकाशावर गणेश तलाईला पोचला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो आईसमोर उभा राहिला, तेव्हा दोघांना बोलायला तिसरा माणूस लागला. वाटा आठवत होत्या, शब्द उरले नव्हते. त्याची आई कमला, जिचे नाव पुढे फातिमा झाले, त्या वस्तीपासून दूर गेली नव्हती. मुलगा परत आला तर इथेच येईल, असे तिला वाटत होते. सारू होबार्टला परत गेला आणि खंडव्याला येत-जात राहिला. दोन्ही आयांची भेटही झाली.

भाषा जपण्याची सक्ती करून ती टिकत नाही, कारण बोलायला समोर माणूस लागतो. पण पालकांनी पहिल्या महिन्यांत मुलाच्या तोंडचे शब्द, गाणी, हाका, गावांची नावे जशी ऐकू येतील तशी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवली तर ती पुढे कामी येतात. नाव बदलण्याचा मोहही टाळलेला बरा. सहा वर्षे ज्या नावाने वळून पाहिले ते नाव काढून घेतले तर मुलाच्या हाताशी राहते काय? दोन भावंडांपैकी एकच परदेशी गेले तर जे नुकसान होते ते कोणत्याही पुढच्या मायेने भरत नाही. म्हणून भावंडे शक्यतो एकत्रच द्यावीत, असा नियम आहे. तरीही एकट्याने गेलेल्या मुलाला मागे राहिलेल्या बहिणीची छायाचित्रे मिळत राहतील, एवढे तरी करता येते.

दत्तकानंतर दोन वर्षे पाठपुराव्याचे अहवाल येतात; परदेशी दत्तकात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. मोठ्या मुलाच्या बाबतीत खरे प्रश्न पुष्कळदा त्यानंतर, वयात येताना उभे राहतात, आणि तोवर अहवाल थांबलेले असतात. अठरा वर्षे झाल्यावर दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसह. संस्थेने कागद जपलेले असतील तर त्यातून काही हाती लागते. निमाडातून किंवा मेळघाटातून निघालेल्या मुलाच्या बाबतीत, सापडण्याचे स्टेशन, अंगावरचे कपडे आणि त्याने पहिल्या दिवशी सांगितलेली गावाची नावे, उच्चार कितीही वेडेवाकडे असले तरी, त्याच दिवशी नोंदवून ठेवलेली असतील तर शोध सुरू करता येतो. ही नोंद, सापडलेले मूल जिच्यापुढे आणले जाते त्या बालकल्याण समितीच्या टेबलावर, मूल अजून बोलत असताना, व्हायला हवी. वर्षभराने परदेशातल्या स्वयंपाकघरात नवी आई ते लिहून घेईल, यावर व्यवस्थेला विसंबून राहता येणार नाही.